जे बदलत नाही, ते वजा होते

आरक्षणाने काय साधले, हा प्रश्न आपल्याला पिढ्यानपिढ्या विचारला जात आहे. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एक म्हणतो, इतकी वर्षे सवलती घेतल्या तरी झोपडपट्टीत आणि सफाईच्या कामावर तुम्हीच जास्त दिसता, म्हणजे आरक्षण फुकट गेले. दुसरा म्हणतो, शाळा निघाल्या, कारखाने निघाले, शहरे वाढली, त्या ओघात तुम्हीही शिकलात. आरक्षण नसते तरी शिकलाच असता. खरे तर या दोघांचे आपापसांत भांडण लागायला हवे. एकाच्या मते काही झालेच नाही, दुसऱ्याच्या मते जे झाले ते होणारच होते. पण दोघे एकाच व्यासपीठावर मांडीला मांडी लावून बसतात, कारण दोघांनीही एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते: हा कायदा नसता तर काय झाले असते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते कोणालाच ठाऊक नसते. जे घडले नाही ते पाहिलेला माणूस नाही.

या न घडलेल्या गोष्टीचा अंदाज बांधण्याच्या काही रीती अर्थशास्त्राने बसवल्या आहेत. त्यांतली सर्वांत जास्त वापरातली रीत अशी की तीच माणसे, तीच कुटुंबे, तेच जिल्हे किंवा तीच राज्ये वर्षानुवर्षे पाहायची आणि मध्येच एखादा नियम काहींना लागू झाला, काहींना झाला नाही, याचा फायदा घ्यायचा. अशा नोंदीला पॅनेल म्हणतात. योजना ठेवायची की मोडायची याच्या चर्चेत आज या रीतीने काढलेले आकडे पुढे केले जातात. आपल्या चळवळीत आकडेवारीबद्दल एक तुच्छता आहे, आणि ती विनाकारण आलेली नाही. तरीही ही रीत आपण समजून घेतली पाहिजे असे मला वाटते. तिच्यात जातीचे काय होते, ही गोष्ट तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे.

रीतीचा उगम अर्थशास्त्रात नाही, पाण्यात आहे. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाचा डॉक्टर, यॉर्कमधल्या एका मजुराचा मुलगा, म्हणत होता की पटकी पाण्यातून पसरते. प्रस्थापित वैद्यकाचे मत होते की ती घाणीच्या दुर्गंधीतून, बिघडलेल्या हवेतून येते. दक्षिण लंडनला दोन कंपन्या पाणी पुरवीत. १८४९ च्या साथीत दोघीही थेम्स नदीचे शहरातले घाण पाणी उपसत होत्या. १८५२ साली लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे, शहराच्या मैल्यापासून दूर नेला. साउथवर्क अँड व्हॉक्सॉल कंपनी बॅटरसीलाच राहिली. स्नोने दोन साथींतले मृत्यू समोरासमोर मांडले. ज्या वस्त्यांना फक्त साउथवर्क कंपनीचे पाणी होते तिथे १८४९ मध्ये २२६१ आणि १८५४ मध्ये २४५८ माणसे मेली. ज्या वस्त्यांना फक्त लॅम्बेथचे पाणी होते तिथे आकडे होते १६२ आणि ३७. जिथे दोघींचे नळ होते तिथे ३९०५ वरून २५४७.

या आकड्यांत नुसते "आधी आणि नंतर" पाहिले तर फसगत होते, कारण दुसरी साथ मुळातच सौम्य असू शकते. नुसते "इथे आणि तिथे" पाहिले तरी फसगत होते, कारण लॅम्बेथच्या वस्त्या मुळातच उंचावर, मोकळ्या असू शकतात. दोन्ही एकत्र पाहिले की उत्तर मिळते. साउथवर्कच्या वस्त्यांत मृत्यू सुमारे नऊ टक्क्यांनी वाढले. लॅम्बेथचे पाणी बदलले नसते आणि तिथेही मृत्यू त्याच प्रमाणात वाढले असते, तर १६२ चे सुमारे १७६ झाले असते. झाले ३७. मधले १३९ जीव पाण्याच्या बदलाने वाचले, असा हिशेब निघतो. अर्थशास्त्रज्ञ याला "फरकातला फरक" म्हणतात. सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: नियम लागू झाला नसता तर दोन्ही वस्त्या सारख्याच चालीने चालल्या असत्या. हे गृहीत सिद्ध करता येत नाही. आधीच्या अनेक वर्षांत त्यांची चाल सारखी होती का, एवढेच तपासता येते.

स्नो यावर थांबला नाही. दोघींचे नळ असलेल्या भागात तो घरोघर फिरला. भाडेकरूंना पाणी कोणत्या कंपनीचे हे ठाऊक नसे, कारण पाणीपट्टी मालक भरी. मग तो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून मिठाचे प्रमाण पाही आणि कंपनी ओळखी. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्कच्या ४०,०४६ घरांत १२६३ मृत्यू झाले आणि लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

स्नोला एक गोष्ट अनुकूल होती. एकाच गल्लीत एका घराला एका कंपनीचा नळ, शेजारच्या घराला दुसरीचा. श्रीमंत-गरीब, मोठे घर-छोटे घर, सर्व मिसळलेले. पाणी सोडून बाकी सारे सारखे. आता ही गोष्ट आपल्या गावात आणून पाहा. गावात दोन विहिरी होत्या, एक गावाची आणि एक महारवाड्याची. कोणी संशोधक म्हणाला असता की मी दोन विहिरींच्या पाण्याची तुलना करतो, तर त्याला ती करता आली नसती. विहीर बदलली की माणसांचे घर, काम, अन्न, जमीन, सारेच बदलत होते. गावकुसाच्या आत राहून बाहेरच्या विहिरीचे पाणी पिणारे घर नव्हते, बाहेर राहून आतल्या विहिरीचे पिणारे घर नव्हते. तुलनेला लागणारी मिसळ होऊ द्यायची नाही, हेच तर जातिव्यवस्थेचे काम. म्हणून आपल्याकडे ही रीत वापरायची तर विहिरी मोजून भागत नाही. नियम कधी बदलला ते वर्ष शोधावे लागते.

असे वर्ष अमेरिकेतल्या काळ्या कामगारांच्या इतिहासात सापडते. त्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले तेही तिथूनच. साउथ कॅरोलायना राज्यात कापडगिरणी हा सर्वांत मोठा कारखानदारी धंदा. १९१५ साली त्या राज्याने कायदा करून गिरणीच्या एकाच खोलीत गोऱ्यांनी आणि काळ्यांनी बरोबर काम करण्यास मनाई केली. काळ्यांना अंगणातले, गोदामातले, झाडलोटीचे काम मिळे. साच्यावर आणि चात्यांवर गोरे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. नोकरीतल्या भेदभावाला बंदी करणारे त्यातले कलम जुलै १९६५ पासून लागू झाले. जेम्स हेकमन आणि ब्रुक पेनर यांनी १९८९ साली या राज्यातल्या गिरणी-रोजगाराच्या कित्येक दशकांच्या वंशनिहाय नोंदी घेऊन आलेख काढला. दोन महायुद्धे, महामंदी, शाळांची वाढ या सर्वांतून काळ्यांचे प्रमाण खालीच, जवळजवळ सरळ रेषेत राहिलेले. १९६५ ला रेषा एकदम वर वळते, पुरुषांचीही आणि स्त्रियांचीही.

"ते होणारच होते" म्हणणारे अर्थशास्त्रज्ञ तिथेही होते. त्यांचा युक्तिवाद असा की काळ्यांचे शिक्षण सुधारत गेले, ते उत्तरेकडे स्थलांतरित झाले, त्यामुळे उत्पन्न वाढले. कायद्याचे श्रेय थोडेच. देशभराच्या आणि अनेक दशकांच्या सरासरीत हे म्हणणे बरेच खरे दिसते. पण शिक्षण वर्षाला थोडे थोडे वाढते. त्याने रेषा हळूहळू चढेल, एका वर्षात मोडणार नाही. साठीत मजुरांची टंचाई होती, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण टंचाई युद्धकाळातही होती, तेव्हा गिरणीचे दार उघडले नव्हते. जॉन डोनोह्यू आणि हेकमन यांनी १९९१ साली हाच मुद्दा देशपातळीवर मांडला: प्रगती अखंड नव्हती, टप्प्याटप्प्याने झाली, आणि मोठा टप्पा दक्षिणेत, कायद्याच्या वर्षांत आला.

आता मुंबईच्या गिरण्या आठवा. तिथे कायदा नव्हता, रूढी होती. विणाई खात्यात पगार जास्त आणि तिथे अस्पृश्यांना मज्जाव. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, मग विटाळाचे काय, ही सबब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी ही बंदी उठवण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली होती. साउथ कॅरोलायनासारखा आलेख मुंबईचा काढता येईल का? एखाद्या वर्षाच्या पाहणीतून चित्र मिळेल. पण पन्नास वर्षांची रेषा काढायला दरवर्षीची, खात्यानिहाय आणि जातनिहाय नोंद लागते. अमेरिकेत १९६६ पासून मोठ्या खाजगी मालकांना आपल्या कामगारांची वंशनिहाय संख्या दरवर्षी सरकारला कळवावी लागते. आपल्याकडे खाजगी मालकाला जातीच्या बाबतीत असा वार्षिक हिशेब द्यावा लागत नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण असावे की नसावे यावर परिसंवाद पुष्कळ झाले. निदान मोजा तरी, ही मागणी मात्र कोपऱ्यात पडून आहे.

इथवर रीत आपल्या बाजूने आहे. आता दुसरी बाजू.

१९६१ साली याइर मुंडलाक या इस्रायली अर्थशास्त्रज्ञाने शेतीवर एक निबंध लिहिला. खत वाढवले की पीक किती वाढते, हे त्याला काढायचे होते. अडचण अशी की हुशार शेतकरी खतही जास्त घालतो आणि त्याचे पीकही जास्त येते. मग ती वाढ खताची की हुशारीची? हुशारी मोजता येत नाही. मुंडलाकची युक्ती सोपी होती. शेतकऱ्याची हुशारी दोन-चार वर्षांत बदलत नाही असे धरायचे. प्रत्येक शेतकऱ्याच्या सर्व वर्षांची सरासरी काढायची आणि ती त्याच्या प्रत्येक वर्षाच्या आकड्यातून वजा करायची. म्हणजे शेतकऱ्याची तुलना शेजाऱ्याशी होत नाही, त्याच्या स्वतःच्याच दुसऱ्या वर्षाशी होते. जे बदलत नाही ते दोन्हीकडे सारखेच असल्याने वजा होऊन जाते. मोजता न येणाऱ्या गोष्टीचा काटा न मोजताच काढला. पुढे ही वजाबाकी सर्वत्र पसरली. अमेरिकेत १९६८ साली मिशिगन विद्यापीठाने सुमारे पाच हजार कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा सुरू केला आणि तिला भरपूर खाद्य मिळाले.

पण आपल्या समाजात न बदलणारी सर्वांत मोठी गोष्ट कोणती? हुशारी वाढते, कमी होते. जमीन विकली जाते. धर्मसुद्धा बदलतो, १९५६ साली आपण बदलला. कुटुंबाची जात मात्र पाहणीच्या पहिल्या वर्षी जी लिहिली, तीच शेवटच्या वर्षी. म्हणून मुंडलाकची वजाबाकी केली की हुशारीबरोबर जातही वजा होते. संशोधक निबंधात लिहितो की कुटुंबाचे सर्व स्थिर गुणधर्म आम्ही विचारात घेतले आहेत. वाचणाऱ्याला वाटते जात विचारात घेतली. प्रत्यक्षात ती हिशेबातून बाहेर काढलेली असते. यात कोणाचा कावा नाही, गणितच तसे आहे. खताचा परिणाम शोधणाऱ्याला ते योग्यही आहे. अनर्थ होतो तो पुढे, जेव्हा त्याच तक्त्याकडे बोट दाखवून कोणी म्हणतो की बघा, जातीचा परिणाम दिसत नाही. जी गोष्ट वजा केली ती दिसणार कशी?

आणखी एक बारकावा आहे. वजाबाकीने जातीची कायमची पातळी जाते, जातीची चाल जात नाही. दुष्काळ सर्व गावावर पडतो. एका घरात मागल्या सालाची ज्वारी पेवात असते, दुसरे घर बैल विकते, तिसऱ्याकडे विकायला काही नसते. जात तीच राहिली, पण दुष्काळाच्या वर्षी तिचा घाव वेगळा पडला. हे पकडायचे तर दुष्काळाचा परिणाम प्रत्येक जातीसाठी वेगळा काढावा लागतो. तक्त्यात ते करता येते. करणाऱ्याला आधी तसा प्रश्न पडायला मात्र हवा.

याचा दाखला आपल्याच मातीतला आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ साली सहा गावांत कुटुंबांच्या सलग नोंदी सुरू केल्या. त्यांतली चार गावे महाराष्ट्रातली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा. उरलेली दोन तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे, त्यांतली दहा भूमिहीन मजुरांची. गावातच राहणारा माणूस दर काही आठवड्यांनी जाऊन काय पिकले, काय खाल्ले, कोणाकडून किती उसने घेतले ते लिहून घेई. गरीब देशांच्या अर्थशास्त्रात या नोंदींइतक्या घासून वापरल्या गेलेल्या नोंदी थोड्याच असतील.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली शिरापूर, कानझरा आणि आंध्रातले औरेपल्ली यांच्या नोंदींवरून एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांनी विचारले, एखाद्या घरावर संकट आले तर त्याचे खाणे कमी होते का, की गाव मिळून ते सावरते? उत्तर निघाले की घराचा खर्च स्वतःच्या त्या वर्षीच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर अधिक हलतो. पूर्ण सामायिक विम्याची कल्पना कसोटीला उतरली नाही, पण बरीच जवळ गेली. एका गावात भूमिहीन कमी सावरले जातात, हेही त्यांनी नोंदवले. तरी जगभर पोहोचले ते चित्र एकमेकांना सांभाळणाऱ्या भारतीय खेड्याचे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल काय म्हटले होते ते वाचकांना सांगायला नको. मग २०१२ साली मॉरिझिओ मॅझोको आणि शिव सैनी यांनी त्याच इक्रिसॅटच्या नोंदी पुन्हा काढल्या आणि विचारले, सावरणारा गट कोणता, गाव की जात? उत्तर आले की गाव मिळून जोखीम पुरेपूर वाटून घेते ही गोष्ट आकडे नाकारतात. जात मिळून वाटून घेते ही गोष्ट नाकारता येत नाही. नोंदी त्याच, गावेही तीच. मधल्या अठरा वर्षांत शिरापूर सोलापुरातून हलले नव्हते. भूमिहीन जातीच्या माणसाला सावरायला त्याच्याइतकेच भूमिहीन असतात, एवढे पुढचे गणित आपले आपण करू शकतो.

या रीतीचा आणखी एक खड्डा सांगितला पाहिजे, कारण कार्यकर्ते त्यात हमखास पडतात. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या सरकारी प्रशिक्षण योजनांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की योजनेत येणाऱ्यांचे उत्पन्न येण्याच्या आधीच्या वर्षी खाली घसरलेले असते. साहजिकच आहे, काम गेले म्हणून तर माणूस आला. पुढच्या वर्षी उत्पन्न वाढते, पण ते योजनेमुळे की खड्ड्यातून माणूस वर येतोच म्हणून? आपल्या रोजगार हमीच्या कामावर माणसे दुष्काळाच्या वर्षी येत. पाऊस पडल्यावर त्यांची मिळकत वाढली तर सारे श्रेय हमीला देऊन चालणार नाही. उलट, हमीवर आलेली माणसे न आलेल्यांपेक्षा गरीबच दिसतात म्हणून हमी निरुपयोगी, हा निष्कर्ष त्याहून खोटा.

आता आरक्षणाकडे वळतो. विधानसभेतल्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, पण लोकसंख्या रोज बदलते आणि जागा मतदारसंघांच्या पुनर्रचनेलाच बदलतात. लोकसंख्या उताराने चालते, जागा पायरीने. रोहिणी पांडे यांनी २००३ साली हीच पायरी धरून १९६० ते १९९२ या काळातल्या सोळा राज्यांचा हिशेब मांडला. राखीव जागा वाढल्या की सरकारी धोरण त्या समूहांकडे थोडे वळते, असे निघाले: अनुसूचित जातींच्या बाबतीत नोकऱ्यांतल्या राखीव प्रमाणात, जमातींच्या बाबतीत कल्याण योजनांच्या खर्चात. पुढे २०११ साली एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी दारिद्र्य मोजले. जमातींच्या जागा वाढल्या की दारिद्र्य घटते, जातींच्या जागा वाढल्या तर त्यावर परिणाम दिसत नाही. फ्रान्चेस्का जेन्सेनियस यांनी २०१५ साली १९७१ ते २००१ या तीस वर्षांतले राखीव आणि त्यांच्यासारखेच खुले मतदारसंघ जोडीने तपासले. गावातल्या सोयी, साक्षरता यांत फरक सापडला नाही.

हे आकडे आपल्याला सोयीचे नाहीत म्हणून लपवणे मला पटत नाही. ते कोणत्या तुलनेतून आले ते विचारणे पटते. तुलना आहे संयुक्त मतदारसंघातली राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघातली खुली जागा यांची. राखीव मतदारसंघात बहुतेक ठिकाणी अनुसूचित जातींचे मतदार अल्पसंख्यच असतात. उमेदवार आमचा, निवडणारे इतर. आदिवासींच्या राखीव जागा पुष्कळदा त्यांच्या दाट वस्तीच्या भागात असतात. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी नेमका हाच वाद होता. स्वतंत्र मतदारसंघ झाले असते तर काय झाले असते, याचा हिशेब कोणत्याही पॅनेलमधून निघणार नाही, कारण ते आपल्याकरिता एका जिल्ह्यातही चालवून पाहिले गेले नाहीत. तेव्हा "राखीव जागांनी काही झाले नाही" या वाक्याचा अर्थ "प्रतिनिधित्वाने काही होत नाही" असा करणाऱ्याला थांबवले पाहिजे. बाबासाहेबांना ज्या जागेची भीती होती, त्या जागेबद्दल आकडे बोलत आहेत.

अलीकडे, २०१८ नंतरच्या काही वर्षांत, या रीतीतलेच एक दुखणे तिच्या अभ्यासकांनी उघड केले. नियम वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी लागू झाला तर नेहमीचे गणित नकळत उशिरा आलेल्या राज्याची तुलना आधी आलेल्या राज्याशी करते, आणि आधीच्या राज्यात परिणाम अजून वाढत असला तर उत्तर उलट्या चिन्हाचेही येऊ शकते. अँड्र्यू गुडमन-बेकन यांचा २०२१ चा निबंध यासाठी पाहावा. जमीन कमाल धारणेपासून रोजगार हमीपर्यंत आपले कायदे टप्प्याटप्प्यानेच आले. त्यांवरचे जुने अभ्यास पुन्हा तपासणे हे एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे काम आहे.

आणि आज तर प्रश्न आपल्या घरात आला आहे. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली. महार-मांग-चांभार-भंगी यांच्यातल्या कोणाला काय मिळाले, यावर आता सभा होतात आणि माणसे एकमेकांवर धावून जातात. या वादात "झाले असते" आणि "झालेच नसते" यांची रेलचेल आहे. पण इथे नियम बदलल्याची वर्षे इतिहासात आहेत. पंजाबात १९७५ पासून अनुसूचित जातींच्या कोट्यातल्या निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबी शिखांना पहिला हक्क दिला गेला. आंध्रात वर्गवारीचा कायदा २००० साली झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायालयाने रद्द केला. लागू झाला, मग उठला. स्नोला एकच बदल मिळाला होता, आंध्रात दोन मिळतात.

त्यासाठी लागणारी नोंदही कोठे तरी आहे. सरकारी कार्यालयात, अनुदानित महाविद्यालयात बिंदुनामावलीची वही असते: पद कोणते, बिंदू कोणता, कोणत्या वर्षी कोणत्या जातीचा माणूस लागला, जागा किती वर्षे रिकामी राहिली. अनुशेष भरा म्हणून मोर्चा नेताना आपण या वहीचे शेवटचे पान मागतो. मागायची ती पहिल्या पानापासून मागितली पाहिजे.